भूगोलाची जागा

“हिरव्या अक्षरांत ‘आपला अर्ज प्राप्त झाला आहे’ असं आलंय, सर. म्हणजे झालाच असंल की नाही?”

तौर मॅडम मोबाइल माझ्या नाकाजवळ धरून उभ्या होत्या. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. बाकीचे कायम प्राध्यापक नेहमीप्रमाणे कुठंतरी गेलेले होते.

“झाला असंल,” मी म्हणालो.

“असंल नको. बघून सांगा. वेबसाइट तुमच्याकडं आहे.”

वेबसाइट माझ्याकडं होती हे खरं. मी मराठीचा माणूस. पण मला युनिकोडमध्ये टाइप करता येतं, हे एकदा स्टाफ मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून कॉलेजची वेबसाइट, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद आणि प्राचार्यांच्या नातवाचा मोबाइल हे तिन्ही विभाग माझ्याकडं आले. अर्जाचा फॉर्मही मीच व्हिडिओ बघून बघून बनवला होता. उमेदवारानं नाव, पत्ता, पदव्या भरायच्या, बटण दाबायचं, की सर्व्हर त्याची मेल करून कॉलेजच्या कार्यालयाकडं धाडणार. बनवला तेव्हा चालला होता. आमच्या देवपिंप्रीत ‘तेव्हा चालला होता’ हे कुठल्याही वस्तूचं शेवटचं प्रशस्तिपत्र असतं.

कार्यालयात गेलो. मेलची पेटी उघडली. एका मसाला कंपनीची जाहिरात होती आणि विद्यापीठाचं वृक्षारोपणाचं परिपत्रक होतं. अर्ज एकही नव्हता. तौर मॅडमचाही नव्हता.

हे सगळं भूगोलाच्या जागेसाठी चाललं होतं. भूगोलाचे शेवटचे कायम प्राध्यापक निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांचा सत्कारातला फेटा त्यांच्या नातवानं लग्नात बांधला. तेव्हापासून तो विभाग उज्ज्वला तौर एकटीनं चालवत होत्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलेल्या तासाचाच मोबदला मिळणार. परीक्षा, सुट्ट्या, गॅदरिंग, मोर्चा, कुणाचं निधन, यातलं काहीही झालं की त्यांचा तास बुडायचा. कुणी मोठा माणूस गेला की आम्ही कायमवाले सुट्टी मिळाली म्हणून हळूच खूश व्हायचो. खरं दुःख कॉलेजात फक्त तासिकावाल्यांना व्हायचं.

ती जागा दोनदा जाहीर झाली होती आणि दोनदा बारगळली होती. एकदा आचारसंहिता आडवी आली, एकदा कोर्ट. आता तिसरी वेळ. विद्यापीठाचं पत्र आलं होतं: ही शेवटची संधी, एकच अर्ज आला तरी मुलाखत घ्या, नाहीतर जागा गेली समजा. चौथ्या जाहिरातीची वाट बघण्याचं तौर मॅडमचं वय राहिलं नव्हतं. घरात सासूचं आजारपण होतं आणि नवऱ्याचं दुकान होतं, ते चालण्यापेक्षा उघडं राहण्यावर समाधान मानत होतं. ही जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर आयुष्यभर फळा पुसून खाली उतरायचं.

आणि सगळ्या गावाला माहीत होतं की ती जागा संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांच्या मेहुणीच्या जावयाला मिळणार आहे. जावई पुण्यात असत. नाव रणधीरराव. अर्ज ऑनलाइन घ्या, हा आग्रह आप्पांचाच होता. रणधीररावांना त्यासाठी उन्हात इतक्या लांब यावं लागू नये, इतकाच त्यात आधुनिकतेचा भाग होता. जाहिरातीत मात्र नियमाप्रमाणं ‘संकेतस्थळावर अथवा कार्यालयात समक्ष’ असं छापलं होतं.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. प्राचार्य सोळुंके म्हणजे उंच, वाकलेले, सदा झोपेतून उठल्यासारखे. निवृत्तीला काही महिने राहिले होते आणि ते महिने त्यांनी कुठल्याच कागदावर सही न करता काढायचं ठरवलं असावं, असा आमचा अंदाज होता.

“सर, अर्जांच्या मेल येत नाहीयेत.”

“बरं.”

“म्हणजे लोक फॉर्म भरायलेत, पण आपल्याकडं पोचत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसल्यासारखा शर्टानं पुसला.

“भरणाऱ्याला काय दिसतं मग?”

“त्याला हिरव्या अक्षरांत दिसतं, आपला अर्ज प्राप्त झाला आहे.”

“लाल काही दिसत नाही?”

“नाही सर. बटण दाबलं की ते वाक्य येतंच. मेल जावो न जावो.”

“मग चांगलंय की,” ते म्हणाले आणि चष्मा घालून खिडकीबाहेर बघायला लागले. मी मग बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी तौर मॅडम स्टाफरूममध्ये आल्या, त्या झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर आपटतच.

“हे बघा. मला केबिनमध्ये बोलावलं अन् म्हणाले, बाई, तुमचा अर्ज हातानं लिहून आणा. तीन प्रतींत. सगळी प्रमाणपत्रं साक्षांकित करून. कार्यालयात द्या, शिक्का मारून पोच घ्या. मी म्हणलं, सर, ऑनलाइन भरलाय की. तर म्हणतात, ऑनलाइनचं मला सांगू नका, मी सांगतो तेवढं करा.”

“बाकीच्यांना पण सांगितलंय?”

“कुणाला सांगतील? बाकीचे पुण्या-औरंगाबादला बसून बटण दाबायलेत. मी इथं समोर दिसते ना, म्हणून मला पळवायचं. अहो, पहिलीपासूनच्या मार्कशीट मागितल्या नाहीत हेच नशीब. झेरॉक्सवाला विचारायला लागला, मॅडम, जमिनीचं काही भांडण आहे का?”

“करून टाका. वाद नको.”

“केलंय की. शिक्का पण घेतला.” त्या खुर्चीत बसल्या आणि साडीच्या पदरानं कपाळ पुसलं. “पण मला एक सांगा. मेल का जात नाही?”

ते मलाही कळत नव्हतं. म्हणून मी होस्टिंग कंपनीला फोन लावला. होस्टिंग म्हणजे जिच्या संगणकावर आपली वेबसाइट भाड्यानं राहते ती कंपनी. बराच वेळ सनई वाजली. मग एक मुलगी बोलली. आवाजावरून नागपूरकडची वाटली आणि त्या दिवशीची शेवटची सहनशक्ती माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखी बोलत होती.

“सर, तुमच्या सर्व्हरवर मेल फंक्शन डिसेबल केलं आहे.”

“कोणी?”

“आम्हीच केलं आहे, सर.”

“आम्ही काय केलं?”

“तुम्ही नाही केलं, सर. तुमच्याच सर्व्हरवर आणखी पुष्कळ वेबसाइट्स असतात. त्यातल्या एकानं टकलावर केस उगवायच्या तेलाच्या लाखो मेल्स पाठवल्या. म्हणून सिक्युरिटीसाठी सगळ्यांचंच बंद केलं.”

शिक्षक असल्यामुळं मला हे लगेच कळलं. एकानं शिट्टी मारली की अख्खा वर्ग बाकावर उभा करायचा.

“मग आम्हाला कळवायचं तरी.”

“मेल केली होती, सर.”

ती मेल त्या मसाला कंपनीच्या खाली कुठंतरी असणार.

“आता काय करावं?”

“एसएमटीपी वापरा ना, सर. म्हणजे असं बघा, आधी तुमचा सर्व्हर पत्र नुसतं पेटीत टाकून द्यायचा, कोण टाकतंय हे कुणी विचारत नव्हतं. आता त्याला पोस्टात जाऊन ओळखपत्र दाखवावं लागेल. कॉलेजच्या मेलचं नाव अन् पासवर्ड फॉर्मच्या कोडमध्ये घाला, की जाईल. आमच्याकडून बंद आहे हे तुम्हाला लेखी पाहिजे का? मी मेल करते.”

“करा,” मी म्हणालो. लेखी नको म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही.

आता प्रश्न उरला पासवर्डचा. कॉलेजच्या मेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो फक्त कार्यालयातल्या संगणकाला माहीत होता आणि तो सांगत नव्हता. जुन्या हेडक्लार्कनं जाताना तो एका चिठ्ठीवर लिहून प्राचार्यांकडं दिला होता, असं कार्यालयाचं म्हणणं.

मी परत केबिनमध्ये. कंपनीचं उत्तर छापून नेलं होतं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. मग ड्रॉवर उघडून आत ठेवलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. ते कुलूप लावतात हे मी पहिल्यांदाच बघितलं.

“सर, पासवर्ड?”

“शोधावा लागंल.”

“कपाटात असंल, सर. मी बघू का?”

“तुम्ही कामून बघता? मी बघतो ना.”

“सोमवारी मुदत संपायली, सर.”

“जोंधळे सर,” ते म्हणाले, “तुम्ही एवढी घाई कशाची करायलाव? तुमची नोकरी कायम आहे ना?”

बस. मला सगळं समजलं. निदान मला तसं वाटलं. स्टाफरूममध्ये जाऊन मी तौर मॅडमना सांगितलं.

“मॅडम, हे मुद्दाम चाललंय. ऑनलाइन अर्ज येऊच द्यायचे नाहीत. रणधीररावांचा तेवढा आप्पा हातोहात आणून ठेवतील. अन् तुमच्या त्या तीन प्रती, त्या कुठल्यातरी गठ्ठ्यात गहाळ होतील. मग तुम्ही म्हणणार, मी ऑनलाइन भरला होता. ते म्हणणार, दाखवा कुठाय.”

“मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी मला शिक्का मारून घ्या म्हणलं, तेव्हाच मला वाटलं. या माणसानं इतक्या वर्षांत मला एक कागद धड दिला नाही. अनुभवाचा दाखला मागितला की ‘बघू’. आता एकदम पोच घ्या म्हणतो!”

“मग?”

“मग काय? तुम्ही त्यांच्या पासवर्डशिवाय चालू करू शकता का नाही?”

करू शकत होतो. कॉलेजच्या पासवर्डची गरज फक्त कॉलेजच्या नावानं पाठवायला होती. मी एक नवीन खातं काढलं असतं आणि त्याचं ओळखपत्र सर्व्हरच्या हातात दिलं असतं, तरी पत्र कार्यालयाच्याच पेटीत पडलं असतं. फक्त ते प्राचार्यांना न विचारता करावं लागणार होतं. मी आजवर कॉलेजात न विचारता केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पंख्याचा वेग वाढवणं.

शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, आम्ही दोघं लायब्ररीतल्या संगणकावर बसलो. मॅडमनी डब्यातून आणलेली शेंगदाण्याची पोळी कागदावर ठेवली होती. मी व्हिडिओ थांबवत, पुढं सारत, एकेक ओळ घालत होतो. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मॅडमनीच दाखवलं की मी खात्याच्या नावात एक टिंब जास्त दिलंय.

“नकाशात टिंब एवढंसं असतं सर, पण ते गाव असतं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचा अर्ज परत भरला. बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. ती तर नेहमीच येत होती. मी कार्यालयाची किल्ली आणायला धावलो, संगणक चालू केला. पेटीत सगळ्यात वर ठळक अक्षरांत: तौर उज्ज्वला बाबुराव.

त्या माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. स्वतःचं नाव बघत राहिल्या. मी एक जास्तीची सोयही केली होती, माझी त्या वेळची अक्कल तेवढी धावली होती: प्रत्येक उमेदवाराला आपोआप पोचेची मेल जाईल. त्यांच्या मोबाइलवर ती वाजली.

“आता हा गहाळ होऊ शकत नाही,” मी म्हणालो.

“पण बाकीच्यांचे?”

“कुणाचे?”

“ज्यांनी आतापर्यंत भरले त्यांचे. ते गेले ना सगळे वाऱ्यावर?”

“गेले. त्याला आपण काय करणार?”

त्यांनी मोबाइल उघडला. नेट-सेटवाल्या बिनकायम प्राध्यापकांचे ग्रुप असतात. कुठं जागा निघाली, कुठं आधीच ठरली आहे, कुणाचे तास कापले, असं सगळं त्यावर चालतं. सकाळी सुविचार आणि संध्याकाळी मोर्चाची तारीख. अशा तीन-चार ग्रुपांवर तौर मॅडम होत्या. त्या टाइप करायला लागल्या. मी वाकून वाचलं: ‘देवपिंप्री कॉलेजच्या भूगोलाच्या जागेसाठी ज्यांनी ऑनलाइन अर्ज भरले त्यांचे अर्ज तांत्रिक कारणामुळे पोचलेले नाहीत. आता दुरुस्ती झाली आहे. सोमवारच्या आत सर्वांनी पुन्हा भरावा. पोचेची मेल आली तरच अर्ज पोचला असे समजावे. सर्वांना पाठवा.’

“मॅडम,” मी म्हणालो, “तुम्ही स्वतःच्या जागेवर लोक बोलवायलात.”

“माझी जागा कुठाय ती अजून?”

“तरी पण.”

“सर, किनवटचे वानखेडे सर माझ्याआधीपासून तासिकेवर आहेत. त्यांनी भरलाय, मला माहीताय. परळीची एक मुलगी आहे, लेकराला घेऊन मुलाखतीला येते. ते तिकडं हिरवी अक्षरं बघून निवांत बसलेत. अन् मी इथं गप्प बसू? रिकाम्या मैदानात पळून पहिलं यायचं असतं, तर एवढं शिकले कशाला?”

आणि त्यांनी पाठवून दिलं. मोबाइल उपडा ठेवला. उरलेली पोळी आम्ही निम्मी-निम्मी खाल्ली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण एका भल्या माणसाच्या शेजारी बसलो आहोत आणि व्यवस्थेला हरवलं आहे, असं एकाच वेळी वाटण्याचे प्रसंग आमच्या नोकरीत येत नाहीत.

सोमवारी पेटी भरून वाहिली. किनवट आलं, परळी आलं, नांदेड, उदगीर, अंबाजोगाई आलं. दुपारी एक अर्ज पुण्याहून आला. रणधीररावांचा. कुठल्यातरी ग्रुपावरून कुणीतरी कुणाला, त्यानं आणखी कुणाला, असं होत होत मॅडमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता.

मुदत संपल्यावर प्राचार्य स्वतः कार्यालयात आले. ते सहसा येत नसत. संगणकासमोर उभे राहिले. मी यादी वर सरकवत गेलो आणि ते एकेक नाव ओठांत वाचत गेले. रणधीररावांच्या नावाशी थांबले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आप्पांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

“सोळुंके सर, आपल्या रणधीररावांचा अर्ज मिळाला म्हणं! पोच पण आली त्यांना. चांगली सोय केली तुम्ही.”

“हो, आप्पासाहेब,” प्राचार्य म्हणाले. फोन ठेवला. मग माझ्याकडं वळले.

“हे कुणी चालू केलं?”

“मी, सर,” मी म्हणालो. आवाजात जरा ताठपणाही आला असेल.

“छान केलं,” ते म्हणाले. मयतीच्या घरी ‘सुटले बिचारे’ म्हणतात त्या आवाजात. आणि केबिनकडं गेले.

मी तौर मॅडमना खूण केली: जिरवली.

मुलाखतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. किनवटच्या वानखेडे सरांनी इस्त्रीचा शर्ट पिशवीत आणून इथं बदलला. परळीच्या मुलीचं लेकरू तौर मॅडमनीच व्हरांड्यात सांभाळलं. आत पॅनेलनं रणधीररावांना विचारलं, प्रवास कसा झाला. तौर मॅडमना विचारलं, आपल्याला ग्रामीण भागात राहून काम करण्याची तयारी आहे का? त्या म्हणाल्या, मी इथलीच आहे. पॅनेलनं ते लिहून घेतलं.

निकाल लागला तेव्हा तो आधीच सगळ्यांना माहीत होता. रणधीरराव रुजू झाले. मला वेबसाइटवर त्यांचा फोटो टाकावा लागला. तौर मॅडमना पुढच्या सत्रासाठी परत तासिकेचं पत्र मिळालं. भूगोलात कामाचा भार होता, त्यामुळं ‘तुमचे तास आम्ही कापले नाहीत’ असं आप्पांनी त्यांना मोठ्या मनानं सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी प्राचार्य सोळुंके निवृत्त होणार म्हणून मानपत्राचं काम मराठी विभागाकडं आलं. म्हणजे माझ्याकडं. मी माहिती घ्यायला केबिनमध्ये गेलो. कपाटं रिकामी करून ते कागद पोत्यात भरत होते.

“काय लिहावं सर, मानपत्रात?”

“लिहा काहीबी. वटवृक्ष लिहा.”

“वटवृक्ष मागच्या प्राचार्यांना लिहिला.”

“मग दीपस्तंभ लिहा. देवपिंप्रीत समुद्र नसला म्हणून काय झालं?” ते खुर्चीत बसले. “जोंधळे सर, एक विचारायचं राहिलं. ती मेल तुम्ही कामून चालू केली हो?”

“अर्ज यावेत म्हणून.”

“अन् मी पासवर्ड का दिला नाही, असं वाटलं तुम्हाला?”

“खरं सांगू?”

“सांगा की. आता मी तुमचं काय वाकडं करणार?”

“तौर मॅडमचा अर्ज बाहेर ठेवायला.”

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

“बाईंचा अर्ज आत होता,” ते म्हणाले. “शिक्का मारलेला. साक्षांकित. तीन प्रतींत. एक कार्यालयात, एक विद्यापीठाला, एक माझ्या घरी. एकच अर्ज होता आत. अन् विद्यापीठाचं पत्र होतं, एक असला तरी मुलाखत घ्या.”

मला कळायला वेळ लागला. पंखा वर किरकिरत होता.

“रणधीरराव पुण्यात हिरवी अक्षरं बघत बसले असते,” ते पुढं म्हणाले.

“त्यांनी तक्रार केली असती, सर.”

“केली असती ना. करायलाच पाहिजे. पण कुणावर? कंपनीचं पत्र तुम्हीच आणून दिलंत मला, आमच्याकडून बंद आहे म्हणून. मी ते कुलपात ठेवलं. म्हातारा प्राचार्य, निवृत्तीला आलेला, त्याला मेलमधलं काय कळतं? चौकशी चालली असती दोन-तीन वर्षं. तोवर बाई कायम.”

“मला सांगायचं होतं, सर.”

“तुम्हाला? तुम्ही स्टाफरूममध्ये बसता.”

“निदान मॅडमना.”

“त्यांना सांगितलं असतं, तर त्यांच्या तोंडावर दिसलं असतं. त्या रागात दिसायला पाहिजे होत्या. इथं कुणी कुणाला मदत करायलंय असं दिसलं की दुसऱ्या दिवशी आप्पांना कळतं. अडवणूक करायलंय असं दिसलं तर कुणी बघतसुद्धा नाही.” त्यांनी एक फाईल पोत्यात टाकली. “सगळी नोकरी नियमात बसवून लोकांना बाहेर काढलं. म्हटलं, जाता जाता एकाला नियमात बसवून आत घ्यावं.”

दाराशी कुणीतरी होतं. मी वळून बघितलं. तौर मॅडम उभ्या होत्या, हातात अनुभवाच्या दाखल्याचा कागद. सहीसाठी आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक; बरंच ऐकलं असावं, कारण त्यांचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला होता.

“या बाई,” प्राचार्य म्हणाले.

त्या आत आल्या.

“मी तुम्हाला शिव्या दिल्या होत्या सर,” त्या म्हणाल्या. “त्या तीन प्रतींवरून. झेरॉक्सवाल्यासमोर.”

“मला कळलं होतं. म्हटलं, काम चांगलं चाललंय.”

“अन् बाकीचे?”

“कोण बाकीचे?”

“वानखेडे सर. ती परळीची. सगळेच. त्यांचे अर्ज तुम्ही हवेतच सोडणार होतात?”

प्राचार्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू तो प्रश्न अभ्यासक्रमातच नव्हता.

“बाई, दार एवढंसं किलकिलं झालं होतं,” ते हळू म्हणाले. “त्यातून एक माणूस गेलं असतं. सगळ्यांसाठी सताड उघडलं की पहिल्यांदा आप्पांचंच माणूस आत येतं. बघितलं ना तुम्ही?”

मॅडमनी कागद पुढं केला. प्राचार्यांनी तो वाचला, एक शब्द खोडून ‘समाधानकारक’च्या जागी ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि सही केली. बाजूला शिक्का मारला. मॅडम ‘येते सर’ म्हणाल्या. त्यांनी वाकून पाया पडायला हात पुढं केल्यासारखं केलं आणि मग नुसताच कागद उचलला.

आम्ही दोघं स्टँडकडं चालत निघालो. रस्त्यात ओळखीची पोरं भेटली, नमस्कार मॅडम म्हणाली. मॅडमनी मान हलवली. रसवंतीपाशी मला राहवलं नाही.

“मॅडम, हे आधी कळलं असतं, तर तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं का हो?”

त्या चालत राहिल्या.

“टाकलं असतं म्हणाले,” त्या शेवटी म्हणाल्या, “तर घरचे मला येडी म्हणतील. अन् नसतं टाकलं म्हणाले, तर मग आप्पांत अन् माझ्यात काय राहिलं? तुम्ही हा प्रश्न मला परत विचारू नका, सर.”

त्यांची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या.

“अन् उद्या स्टाफरूमचं कुलूप जरा लवकर उघडायला सांगा,” त्या म्हणाल्या. “रणधीर सर पुण्याला गेलेत. त्यांचे तास माझ्याकडं आहेत.”